वेंकोबारावांची गाडी ओरडत नाही

वेंकोबाराव गेल्याचं मला आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळलं. पाण्याचा टँकर उशिरा येणार या सूचनेच्या खाली आणि कुणीतरी रोज पाठवतं त्या उगवत्या सूर्याच्या वर, इंग्रजीत एक ओळ होती. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, ते दुसऱ्या. पण मृत्यूच्या बातम्या हल्ली जिन्यानं येत नाहीत. पहाटे इस्पितळातच वारले होते, आणि त्यांची मुलगी सुधा मला फोन करायच्या आधी सेक्रेटरींनी आपलं कर्तव्य बजावलं होतं. मी खाली गेलो तेव्हा घराला कुलूप होतं. इमारतीखाली खांबांमधल्या पार्किंगमध्ये त्यांची वीस वर्षांची करडी गाडी उभी होती आणि बॉनेटवर नेहमीप्रमाणे एक मांजर झोपलं होतं... काही न सुचून मी त्या मांजराला हुसकावलं.

या गोष्टीला आता सहा-सात आठवडे झाले. मधे मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. चेन्नईत मराठी माणसं थोडी आणि सभा पुष्कळ, त्यामुळे वक्त्यांची सवय दांडगी. वेंकोबारावांना तिथे बहुआयामी म्हटलं गेलं, दीपस्तंभ म्हटलं गेलं, आणि त्यांच्या जाण्यानं कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाल्याचं तिघांनी स्वतंत्रपणे सांगितलं. वेंकोबारावांचा जन्म केंद्र सरकारच्या ऑडिटमध्ये गेला. पोकळी कुणी मोजली, तिला आधार काय, असं त्यांनी समासात नक्की लिहिलं असतं. व्यासपीठावर त्यांचा फोटो होता तो मंडळानंच केलेल्या सत्काराचा, खांद्यावर जांभळी शाल घेतलेला. त्या शालीचं पुढे काय झालं हे त्या हॉलमध्ये फक्त त्यांच्या घरच्या दोघींना आणि मला माहीत होतं. कमलाक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. हसू आवरत होत्या.

माझी आणि त्यांची ओळख जिन्यात झाली. मी मिरजेचा. बँकेच्या बदलीनं वेस्ट मांबलमला आलो, तीन वर्षांनी परत जायचं म्हणून खोकी नीट सोडलीसुद्धा नव्हती, आणि आता निवृत्त होऊनही इथेच आहे. पहिल्याच आठवड्यात एका उंच, वाळक्या गृहस्थांनी मला थांबवून काहीतरी विचारलं. तमिळ समजून मी इंग्रजीत उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की हे तर मराठी आहे. "कोण गांवचे तुम्ही?" एवढाच प्रश्न होता, पण त्याचा सूर कावेरीकाठचा होता. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी तंजावरला आले ते मराठीसकट तिथेच राहिले. मी मिरजेचा म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि तेव्हापासून मला ‘पुणेकर’ म्हणू लागले. मिरज आणि पुणे यांतलं अंतर मी त्यांना बरीच वर्षं समजावून सांगत होतो. "अस्कें एकच कीं, पा," ते म्हणत. अस्कें म्हणजे सगळं, आणि ‘पा’ म्हणजे आपलं ‘बाबा’. कृष्णेच्या उत्तरेला काय आहे याविषयी त्यांना फारसं कुतूहल नव्हतं.

दुसऱ्याच्या कामातली चूक काढणं हा त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय. स्वतः काही काम करून पाहण्याची हौस निवृत्तीनंतर आली. नळाचे वॉशर, पंखा, मिक्सर असं करत ते गाडीपर्यंत पोहोचले. हात जन्मजात कारागिराचा वगैरे मुळीच नव्हता. एखादा नट उघडण्याआधी ते त्याविषयी इतकं वाचत की नट कंटाळून सैल होत असावा. चुकतही पुष्कळ. पण चूक झाली की चिडत नसत. परक्या खात्याची असल्यासारखी ती न्याहाळत, कारण शोधत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. मी शेजारी स्टुलावर बसून वाचत असे. मदत म्हणून माझा उपयोग शून्य होता. माझा उपयोग काय, हे एका वर्षी नवरात्राआधी ठरलं.

गाडी ओरडायला लागली होती. सकाळी चालू केली की इंजिनातून चाकूला धार लावल्यासारखी बारीक, लांब किंकाळी येई आणि अख्ख्या गल्लीत जाई. समोरचा इस्त्रीवाला मान वर करून बघायचा. हा आवाज सगळ्या मांबलमला ऐकू येत होता, एका वेंकोबारावांना सोडून. वयानं त्यांचे कान वरच्या पट्टीपुरते मिटले होते. बोललेलं ऐकू यायचं, कुकरची शिट्टी यायची नाही. सुधा वेलचेरीला राहते, आयटीत आहे, स्वच्छ बोलते. एका रविवारी आली, वडिलांना गाडी बाहेर काढताना पाहिलं आणि तिथेच उभी राहिली.

"अप्पा, गाडी ओरडते."

"कोण सांगट्लें?"

"कोणी सांगायला कशाला हवं? मी इथे उभी आहे. काका, तुम्ही सांगा."

मी ओरडते असं सांगितलं. खोटं बोलायला वाव नव्हता, इस्त्रीवाला बघत होता.

"हे ऐकू येत नाही तर मागच्या बसचा हॉर्न काय ऐकू येणार? पुरे आता. गाडी विकून टाकू. कुठे जायचं असेल तर मी येते ना."

ती गेल्यावर ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पुणेकर, गाडी गेली कीं आम्ही दोघं पार्सल झालों. कोणीतरी येऊन उचलायचें, कोणीतरी नेऊन ठेवायचें." कमलाक्कांचे गुडघे गेले होते. मांबलम स्टेशनचा पूल त्यांना चढवत नसे, शेअर ऑटोत पाय उचलून बसणं होत नसे. दर गुरुवारी त्या तांबरमला आपल्या थोरल्या बहिणीकडे जात, ते या गाडीतून. दुसरं कुठलंच जाणं उरलं नव्हतं. गाडी म्हणजे तो गुरुवार होता, एवढं सरळ होतं. पुढच्या फोनवर त्यांनी सुधाशी करार केला. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, ती येणारच होती. त्या दिवशी गाडी ओरडली तर किल्ली तिची. नाही ओरडली तर तो विषय पुन्हा काढायचा नाही. गॅरेजमध्ये नेली असती तर काम सकाळभरात झालं असतं. पण मुलीचं म्हणणं ‘तुम्हाला आता जमत नाही’ असं असताना ते दुसऱ्याकडून करून घेणं म्हणजे तिचं म्हणणं सही करून मान्य करणं, असं त्यांचं मत पडलं.

रोग बेल्टचा होता. इंजिनाच्या पुढच्या अंगाला एकच लांब रबरी पट्टा अनेक पुलींना वळसे घालत सापासारखा फिरतो. बॅटरी भरणारा अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एसी, स्टिअरिंग हलकं करणारा पंप, सगळे या एकाच पट्ट्यावर चाकरी करतात. मेकॅनिक त्याला फॅन बेल्ट म्हणतात. त्या गाडीत फॅनचा त्याच्याशी काही संबंध नव्हता आणि हे वेंकोबाराव प्रत्येक मेकॅनिकला सांगत. पट्टा कुठून कुठे जातो हे लक्षात ठेवायला त्यांनी पुलींना लोकलच्या स्टेशनांची नावं दिली होती. खालची मोठी ती तांबरम, तिथून गाडी सुटते. मग गिंडी, सैदापेट, मांबलम. पट्ट्याला ताणून धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर म्हणजे कोडंबाक्कम. का, तर तिथे सिनेमावाले, म्हणून नेहमी ताण असतो. हा त्यांनी केलेला माझ्या माहितीतला एकमेव विनोद.

पूजेच्या दोन दिवस आधी सकाळी बॉनेट उघडलं. गाडीच्या कडेवर ओणवं होताना पत्र्याला चरा जाऊ नये म्हणून त्यांनी काहीतरी जाड, मऊ अंथरलं. ती मंडळाची जांभळी शाल होती. मी पाहतोय हे त्यांनी पाहिलं. "ऊब चांगली आहे," एवढंच म्हणाले. मग लांब दांड्याचा पाना टेन्शनरला लावून पट्टा सैल केला. पट्ट्याच्या आतल्या रेघांना भेगा पडल्या होत्या, पण तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना. एकेक पुली बोटानं फिरवून पाहिली. ऐकू येत नव्हतं म्हणून डोळे मिटून, बोटाचं टोक लावून. दोन पुलींपाशी थांबले.

"इथें वाळू आहे. पाहा पा."

मी बोट लावलं. मला काही कळलं नाही. मग मी कान नेला आणि बेअरिंगची कोरडी खरखर स्पष्ट ऐकू आली. तसं सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "सरी," ते म्हणाले, म्हणजे ठीक. "माझे हात, तुमचे कान. मिळून एक माणूस होतो." एक टेन्शनरची पुली आणि एक मधली, अशा दोन्ही बदलायच्या ठरल्या. जुना पट्टा त्यांनी विळीनं कापला, त्याचा वीतभर तुकडा दुकानात नमुना म्हणून न्यायला. पुराव्याशिवाय खरेदी त्यांना मान्य नव्हती. उरलेला पट्टा गेला कचऱ्यात. जुना पट्टा कापू नये, नवा बसून गाडी चालू होईपर्यंत ठेवावा, हे त्या कामातलं साधं शहाणपण त्यांनी कुठेतरी वाचलं होतंच. पण नमुन्याचा मोह पडला. पट्टा लगेच मिळाला. पुली दुकानदारानं दुसऱ्या दिवशी देतो म्हटलं, आणि दिल्या संध्याकाळी. पुली बसवून झाल्या, दिवे लागले, ते घामानं भिजले होते. पाने तिथेच ठेवून आंघोळीला वर गेले. नवा पट्टा जेवणानंतर चढवू, पाव तासाचं काम.

ते आंघोळीला गेले असताना कमलाक्का हळूहळू जिना उतरून खाली आल्या आणि हत्यारं घेऊन गेल्या. पूजा दुसऱ्या दिवशी सकाळची, पण त्यांच्या घरी मांडणी आदल्या संध्याकाळीच होते. पाटावर रेशमी वस्त्र, त्यावर पोथ्या, सुधाची जुनी वीणा, आणि समोर ओळीनं पाने, पक्कड, जॅकचा दांडा, सगळं पुसून, गंध-कुंकू लावून. शेजारी वेटोळं घालून नवा पट्टा. नवी वस्तू वापरायच्या आधी देवासमोर ठेवायची नाही तर कधी?

मी जेवून खाली आलो तर वेंकोबाराव त्यांच्या दाराशी उभे. आत बोट दाखवून म्हणाले, "बसले."

इकडची रीत मला तोवर ठाऊक झाली होती. एकदा पूजेला मांडलं की विजयादशमीच्या सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत उचलायचं नाही. पुस्तक वाचायचं नाही, हत्यार चालवायचं नाही. मी दरवर्षी त्या दिवशी चोरून वाचतो. पण मी पुणेकर.

"कमलाक्कांना सांगा ना, फक्त पट्टा आणि एक पाना..."

आतून आवाज आला, "कुंकूं लागलें तें लागलें."

"ऐकलें?" वेंकोबाराव म्हणाले. हे मात्र त्यांना ऐकू आलं होतं. कुणाचा पाना उसना आणावा म्हटलं, तर त्या दिवशी साऱ्या शहरातले पाने पाटावर चढलेले असतात. आणि पाना मिळाला तरी पट्टा देवापुढे. जुना असता तर निदान... पण त्याविषयी आम्ही बोललो नाही. त्यांनी देवाला, बायकोला किंवा रीतीला बोल लावला नाही. गॅलरीत बसून विचार केला आणि निकाल दिला. पट्टा नसला तरी इंजिन चालू होतं. बॅटरी आहे तोवर आणि पाणी तापत नाही तोवर, दोन-चार मिनिटं काही होत नाही. पूजेनंतर चाकांखाली ठेवलेल्या लिंबांवरून जायला तेवढी पुरतात. "आणि पुणेकर, बेल्टच नाहीं तर ओरडेल कोण?"

सकाळी सुधा आली. पूजा झाली. पाटासमोर ती हात जोडून बराच वेळ उभी राहिली आणि आम्ही दोघं तिच्या मागे भिंतीला टेकून, मुनिमाच्या चेहऱ्यानं. वेटोळ्याच्या मधोमध शेवंतीचं फूल होतं. मग सगळे खाली. आमच्या इमारतीत हा सोहळा फाटकाशी होतो. सेक्रेटरी माइक आणतात. वीस पावलांवर उभ्या असलेल्या माणसांसाठी माइक का लागतो हे मी एकदा विचारलं होतं. तेव्हापासून ते मला प्रसाद शेवटी देतात. कोहळा फुटला, कापूर फिरला, आणि हार घातलेल्या गाड्या एकेक करून चाकांखालची लिंबं चिरडत गल्लीत जाऊ लागल्या. माइकवरून प्रत्येक मालकाचं नाव, पदासकट.

वेंकोबारावांची गाडी खांबाच्या मागे होती. तिथून फाटकापर्यंत एक अरुंद वळण आहे. कमलाक्का मागे बसल्या. सुधा पुढे, वडिलांच्या शेजारी जाऊन बसली. हे आमच्या हिशोबात नव्हतं. मी फाटकाशी लिंबं घेऊन उभा. गाडी चालू झाली आणि खरोखर, लोण्यासारखी शांत. मग खांबाशी आली आणि मला आठवलं की स्टिअरिंगचा पंपसुद्धा त्याच पट्ट्यावर. त्यांनाही अर्थात ठाऊक होतं. त्यांनी चाक दोन्ही हातांनी धरलं, खांदा पुढे टाकला आणि विहिरीतून पोहरा ओढावा तसं ते वळवलं, हळूहळू, न थांबता. दंडाच्या शिरा मला फाटकातून दिसत होत्या. खांबाला न घासता गाडी वळली, सरळ झाली. मी लिंबं ठेवली, ती चारही फुटली, आणि गाडी गल्लीत भिंतीच्या कडेला जाऊन उभी राहिली. त्यांनी लगेच बंद केली.

सुधा उतरली. "अप्पा, खरंच ओरडत नाही की."

"नाहीं," ते म्हणाले. ऑडिटच्या भाषेत हे विधान बरोबर होतं.

"ओके. किल्ली तुमच्याकडेच राहू दे." आणि ती प्रसादाच्या रांगेत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा झाली, कमलाक्कांनी पाट हलवला आणि आम्ही पाने घेऊन गल्लीत गेलो. पट्ट्यावरचं गंध त्यांनी रेघारेघांतून पुसून काढलं. पाठीवरचा कुंकवाचा एक ठिपका मात्र राहू दिला. तिथे त्यानं काही बिघडत नाही, म्हणाले. तांबरमपासून सुरुवात केली. पहिल्या खेपेला सैदापेट राहिलं, पुन्हा उतरवलं, पुन्हा चढवलं. शेवटी कोडंबाक्कम दाबून धरून पट्टा सरकवला. शाल झटकली. गाडी चालू करून खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"ओरडते?"

मी बॉनेटवर कान नेऊन नीट ऐकलं. "नाही ओरडत."

त्यानंतर दर गुरुवारी सकाळी हाच संवाद झाला. मी चहा पिऊन खाली जायचो, ते चालू करायचे, विचारायचे, मी सांगायचो, आणि ते दोघं तांबरमला जायचे. शेवटच्या आजारपणापर्यंत जात होते. सुधानं गाडीचा विषय पुन्हा काढला नाही, आणि त्या लिंबांचं सत्य तिला सांगायचं आमच्या दोघांच्याही कधी मनात आलं नाही. करार पुरा झाला होता.

गेल्या गुरुवारी सुधा आली ती गाडीसाठी. म्हणजे विकायला घेऊन जाणार, असं मी धरून चाललो होतो. मला खाली बोलावलं. कमलाक्का काठी घेऊन आधीच मागच्या सीटवर बसल्या होत्या. बॉनेटवरचं मांजर उतरायला तयार नव्हतं. सुधानं मला शेजारी बसवलं आणि किल्ली अर्धी फिरवली. समोर सगळे दिवे लागले. तिनं एका तांबड्या, बॅटरीच्या चित्राच्या दिव्यावर बोट ठेवलं.

"काका, लिंबं चिरडली त्या दिवशी हा विझलाच नव्हता."

मी वळून मागे कमलाक्कांकडे पाहिलं.

"आणि बेल्ट तर पाटावर होता. कुंकू लावून. मी हात जोडले ते कुणाला वाटलं तुम्हाला?"

"मग बोलली का नाहीस?"

तिनं खांबाकडे पाहिलं. "बोलणारच होते. खाली गेल्यावर सगळ्यांसमोर बॉनेट उघडायला लावणार होते. म्हणून तर पुढे बसले. पण तिथे त्यांनी ते वळण घेतलं... पंप नसताना ते स्टिअरिंग मी एकदा माझ्या गाडीत फिरवून पाहिलंय काका, माझ्याच्यानं हललं नव्हतं. त्यांना गुरुवार इतका हवा होता, तर मी काय बोलणार?"

मागून कमलाक्का म्हणाल्या, "मज ठाऊक होतें." कुठलं, ते त्यांनी सांगितलं नाही. पट्टा नसल्याचं, की मुलीला कळल्याचं. की पाने उचलून नेले तेव्हापासूनचं सगळंच. त्यांना विचारायची माझी छाती झाली नाही.

"आता दर गुरुवारी मी येणार," सुधा म्हणाली. "ऑफिसला सांगितलंय, त्या दिवशी घरून काम. तांबरमला पेरिअम्माकडे, मावशीकडे, आईला मीच नेणार. याच गाडीतून." मग मला उतरायची खूण केली. मी उतरलो, पुढे जाऊन उभा राहिलो. मांजर उठून गेलं. तिनं किल्ली पूर्ण फिरवली. तांबडा दिवा विझला असावा, कारण तिनं मान वर करून काचेतून माझ्याकडे पाहिलं. तिनं काही विचारलं नाही. तिचे कान उत्तम आहेत. तरी मी बॉनेटवर वाकलो, नीट ऐकलं, आणि नेहमीसारखं, थोडं मोठ्यानं, सांगितलं.

"नाही ओरडत."